लडाखात वाघ नसतो

सावली गावच्या राइस मिलपुढे ट्रक लागले की तो कुठून तरी उगवायचा. पायात टायरच्या चपला, डोक्याला पंचा, खांद्यावर कापडी पिशवी. रामराम नाही, नमस्कार नाही. ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभा राहून एकच विचारायचा.

"गाडी वर जाते का?"

"वर म्हंजे कुठी?"

"वर. बरफाकडे."

ड्रायव्हर हसायचे. कोणी म्हणायचा, "बापा, वर तं सगळ्यायलेच जाचं हाये, तू घाई काऊन करून राह्यला?" याला राग यायचा नाही. नाही म्हटलं की पुढच्या ट्रककडे. सगळे विचारून झाले की कोंड्याच्या ढिगापाशी बसून बिडी ओढायचा आणि एटापल्लीकडे जाणारी गाडी पाहून परत जायचा.

एकदा माझ्या खिडकीखाली आला. माझा दुसरा ड्रायव्हर त्याच आठवड्यात पळाला होता.

"मी रायपूरले जाऊन राह्यलो," मी म्हणालो. "चालवता येते का तुले?"

"लाकडाच्या गाडीवर होतो. रायपूर वर हाये का?"

"नाई. बाजूले हाये."

त्यानं जरा विचार केला आणि पिशवी आत फेकली. "चाला. बाजूलेई पाहून घेऊ."

असा तो माझ्या गाडीवर आला, आणि मग बरीच वर्षं राहिला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याचं गाव सूरजागडच्या डोंगरापलीकडे, तिथं मेलेल्या माणसाचं नाव उगाच तोंडात घेत नाहीत. मी चौथी शिकलेला माणूस, मला लिहिण्याचे कायदे माहीत नाहीत, पण एवढा कायदा पाळता येतो.

त्याच्या सीटजवळ डालड्याचा एक जुना डबा असायचा, त्यात गोटे. लालसर, हाताला जड, त्याच्या डोंगराकडचे. लोखंडाचा दगड तो. आमच्याकडे जंगलात ज्या जागी वाघानं माणूस मारला, त्या जागी जाणारा-येणारा एक गोटा टाकतो, नाही तर हिरवी फांदी टाकतो. हळूहळू ढीग होतो. बाकीचे लोक आठवण झाली तर टाकतात. हा एकही ढीग सोडायचा नाही. गाडी थांबवायचाही नाही. ढीग डाव्या हाताला असला की याचा गोटा माझ्या नाकापुढून खिडकीबाहेर जायचा.

"अबे, माझं डोकं फोडशीन एखाद दिवशी!"

"तुमी मागं सरा न, भाऊ. तुमाले माहीत हाये न ढीग कुठी हाये ते."

आलापल्लीच्या पुढे, हेमलकशाच्या वाटेवर, एकदा त्याचा गोटा वरातीच्या जीपला लागला. पाच-सात वऱ्हाडी गाडीला आडवे आले. पगडीवाला एक म्हातारा म्हणाला, "आमच्या नवरदेवाले काऊन मारला बे?"

"नवरदेवाले नाई मारला," हा शांतपणे म्हणाला. "वाघाच्या माणसाले मारला. तुमचा नवरदेव मधात आला."

मला वाटलं आता मार बसतो. पण म्हाताऱ्यानं वळून ढिगाकडे पाहिलं, जीपमधल्या सगळ्यांना खाली उतरवलं आणि नवरदेवासकट प्रत्येकाला एकेक गोटा टाकायला लावला. वरात पुढे गेली. मी विचारलं, "कोण मेला होता तिथी, तुले माहीत हाये का?"

"नाई."

"मंग?"

"वळख कायले पायजे? एकटा पडला हाये न तो."

जंगलातून जाताना तो हॉर्न वाजवत नसे. "दुसऱ्याच्या घरातून चाललो तं बोंबलत जाते का कोणी?" असं त्याचं म्हणणं. दिल्लीत शिरलो तेव्हा मात्र त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. मी चिडलो तर म्हणाला, "हे कोणाचंच घर नाई, भाऊ." दुधाचा चहा पीत नसे. दूध वासराचं, आपण कोण? पंजाबातल्या एका ढाब्यावर त्यानं तीनदा चहा परत पाठवला. शेवटी ढाबेवाल्या सरदारजीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बीमार है क्या बेचारा?" मी म्हणालो, "नहीं जी, इमानदार है."

तो वर कशाला जायचं म्हणतो, हे मला पहिल्या वर्षी कळलं नाही. विचारलं की दुसरं काही बोलायचा. मग एकदा आश्विनात, धान निसवलं होतं तेव्हा, वैनगंगेच्या पुलाजवळ टायर फुटला. जॅक लावता लावता त्यानं स्वतःच सांगितलं.

त्याचा धाकटा भाऊ ठेकेदारासोबत वर, लडाखच्या रस्त्याच्या कामाला गेला होता. ट्रकमध्ये बसून गेला, गावच्या वेशीपर्यंत गाणं म्हणत. तिकडे दरड आली आणि तो तिच्यासोबत गेला. फोन आला, माणूस आला नाही. त्यांच्या घराण्यात माणूस बाहेर मेला तर त्याचा जीव घरी आणावा लागतो. जिथं मेला तिथल्या पाण्याजवळ जायचं, हाक मारायची, आणि जे पहिलं जितं हाताला लागेल, मासा असो, खेकडा असो, किडा असो, तो त्याचा जीव. तो घरी आणून पूर्वजांच्या गोट्यांत ठेवायचा. तोवर तो उघड्यावर. आणि त्याच्या आईनं तेव्हापासून नव्या धानाचा भात तोंडात घातला नव्हता. गावात नवं खायचा सण आला की ती उठून खळ्यावर जाऊन बसायची. जुनं धान्य असेल तर खायची, नसेल तर आंबील.

"रेल्वेनं जा न मंग," मी म्हणालो. "मी बसवून देतो."

"रेल्वेनं नाई जमत. ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं आणा लागते. नाई तं त्याले घर कसं सापडन?"

त्या संध्याकाळी सावलीच्या पानठेल्यावर मी ही गोष्ट काढली. काढायला नको होती. लोक त्याला हसले, मग मला.

"तू नेशीन का त्याले बरफात? तुही गाडी तं नागपूरच्या चढाले दम टाकते."

"नेतो," मी म्हणालो.

"तू?"

"मी. अन् घेऊनई येतो."

चारचौघांत बोललेला शब्द मी आजवर मागं घेतला नाही. त्यात शहाणपण आहे असं मी म्हणत नाही. पण मी घेतला नाही.

आता तो नाही. मागच्या पावसाळ्यात तापानं गेला, मला महिनाभरानं कळलं. गाडी मी त्याआधीच विकली होती. पोरं म्हणतात, बाबा, आता आराम करा. आराम म्हणजे ओट्यावर बसून रस्ता पाहणं. रस्ता रुंद झाला आहे, दगडाचे मोठाले ट्रक जातात, हॉर्न देत. तो रस्ता करताना आलापल्लीकडचे ते ढीग मशिनीनं सारून टाकले. आता वाघाची माणसं कुठं पडली होती ते कोणालाच सांगता येत नाही. मला साधारण येतं, कारण त्या त्या वळणावर अजूनही माझं डोकं आपोआप मागं सरतं. पोराच्या कारमध्ये सरलं. पोरगा म्हणाला, "बाबा, मान दुखते का?" मी हो म्हणालो. काय सांगायचं?

कधी कधी वाटतं, कोणी तरी खिडकीखाली उभं राहावं. कुठंही न्या म्हणावं.

तर, तो शब्द दिल्यावर चंदीगडला तांदूळ न्यायचं काम आम्हाला मिळालं ते थंडीच्या तोंडावर. तांदूळ उतरवला. तिथल्या दलालाकडे लेहचा माल पडून होता, बटाटे. हंगाम संपत आला होता, घाट कधीही बंद होईल म्हणून तिकडचे ड्रायव्हरही जायला तयार नव्हते. मी म्हणालो, मी नेतो. घरी फोन केला. बायको म्हणाली, "या वयात बरफात जीव द्याले चालले का?"

"शब्द देल्ला हाये."

"मले इचारून देल्ला होता का?"

"नाई."

"मंग मलेई इचारू नका," असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि लगेच पुन्हा करून सांगितलं, की कानाला बांधायला घ्या काही तरी.

मनालीच्या पुढचा तो नवा बोगदा पार केला आणि जग बदललं. पुढे पुढे तर झाड म्हणून नाही. माती नाही, गवत नाही, नुसता उभा दगड. त्यानं जिंदगी सागवनात अन् बांबूत काढलेली. खिडकीतून पाहत राहिला. मग म्हणाला, "इथं लाकूड डेपोवाले येऊन गेले काय?"

ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो दिवस दारचा गावाहून निघालो तो. सकाळचं ऊन कडक, सावलीत बर्फ. श्वास घेतला तरी पुरत नव्हता. मी चालवत होतो. घाटमाथ्यावर गाडी चढली आणि तो ओरडला, "थांबा!"

समोर गोट्यांचे ढीग. लहान-मोठे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, वर रंगीत पताका फडफडतात. एक नाही, दहा नाही, जिकडे पाहावं तिकडे. तो खाली उतरला आणि हात कमरेवर ठेवून उभा राहिला.

"भाऊ, इथला वाघ लय खराब हाये."

"कशावरून?"

"पाहा न. किती लोकं खाल्ले."

मलाही क्षणभर तेच वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यानं डबा काढला आणि एकेका ढिगापाशी जाऊन एकेक गोटा ठेवू लागला. मागं ट्रक लागले, हॉर्न सुरू झाले. एक सरदारजी उतरून आले. "क्या हुआ बाउजी, गाड़ी खराब?"

"गाड़ी नहीं," मी म्हणालो. "शेर."

"शेर? इधर?" ते हसता हसता खोकायला लागले. "इधर तो बकरी को खाना नहीं मिलता, शेर क्या खाएगा?"

जवळच एका तंबूत चहा होता. तिथली लडाखी बाई बाहेर आली, गालावर उन्हानं पडलेले लाल चट्टे, हातात किटली. तिनं हिंदीत समजावलं. हे मेलेल्या माणसांचं नाही. जो घाट सुखरूप चढून आला, तो देवाचं नाव घेऊन एक दगड ठेवतो आणि पुढे जातो.

त्यानं मला विचारलं, "काय म्हणते?"

"म्हणते, हे जित्या लोकायचे गोटे हाये. पार झाले म्हणून ठेवते."

त्याचा चेहरा उतरला. "अन् म्या त्याच्यावर मेलेल्याचे ठेवले?"

"जाऊ दे न. तिले राग नाई आला."

"तिले नाई आला. पण ते लोकं कुठी कुठी रस्त्यानं चालले असन. त्यायले काई झालं तं?"

आणि परत गेला. प्रत्येक ढिगावरून आपला गोटा उचलून डब्यात टाकू लागला. सापडायला अडचण नव्हती, तिथले सगळे गोटे राखाडी, याचे लाल. हॉर्न वाजतच होते. त्या बाईला काय वाटलं कोण जाणे, किटली खाली ठेवून तीही त्याच्यासोबत लाल गोटे वेचायला लागली. सरदारजीही वाकले. शेवटचा गोटा डब्यात पडला तेव्हा बाईनं जमिनीवरचा एक राखाडी दगड उचलून त्याच्या हातात दिला आणि ढिगाकडे बोट केलं. तू पण पार झालास, ठेव.

त्यानं मान हलवली. "वापस जाताना," म्हणाला. "आता मी एकलाच हाये."

घाट उतरल्यावर रस्त्याच्या कामावरची माणसं भेटली. डांबर तापवत होती, तोंडाला फडकी. त्यात झारखंडचा एक जुना मजूर होता. आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीचं नाव काढलं तसा त्यानं फडकं खाली केलं. "वो गाना गाने वाला? उसका भाई है आप?" पुढच्या वळणापर्यंत तो आमच्यासोबत आला आणि खाली हात दाखवला. दरड, आणि तिच्या पायथ्याशी पाण्याची एक बारीक धार, कडांना बर्फ धरलेली.

"जल्दी करना," तो म्हणाला. "आगे नाला है. दोपहर के बाद बर्फ का पानी बढ़ता है, फिर गाड़ी नहीं निकलेगी. इधर रुके तो रात में इंजन जम जाएगा. और बादल भी देखो."

आम्ही दोघं खाली उतरलो. त्यानं चपला काढल्या. त्या पाण्याजवळ उकिडवा बसला आणि भावाला हाक मारली, त्याच्या भाषेत. आवाज दरडीवर जाऊन परत आला. मग तो हात पाण्याजवळ धरून बसला.

काही आलं नाही. येणार कुठून? त्या पाण्यात मासा नव्हता, खेकडा नव्हता. दगड उलटून पाहिले, मुंगी नव्हती. आमच्या नदीत असं बसलं तर घडीभरात चिंगळी बोटाला लागते. इथं पाणीच मेल्यासारखं. त्याचे हात निळे पडले. पुन्हा हाक मारली. पुन्हा आवाज परत आला.

"तो नाई येऊन राह्यला," तो म्हणाला.

"येईन. बस."

"तुमी जा, भाऊ. नाला वाढन. गाडी काढा. मी राहतो."

"अन् मी सावलीले जाऊन काय सांगू? घेऊन येतो म्हणालो होतो."

"लोकं हासन एखाद दिवस."

"हासणाऱ्यायच्या घरी मी जेवाले नाई जात," मी म्हणालो आणि त्याच्या बाजूला दगडावर बसलो. वरून झारखंडवाला हाका मारत होता. ढग घाटावर आले होते. मी वर पाहिलंच नाही.

शेवटी त्यानं पिशवी उघडली. आईनं दिलेले मूठभर तांदूळ फडक्यात बांधलेले होते, भावाला द्यायला. "निदान जेवन तं देऊन जाऊ," असं म्हणून त्यानं गाठ सोडली आणि तांदूळ तळहातावर घेतले. पाण्याकडे हात नेला आणि तसाच थांबला.

तांदळातून एक किडा निघाला होता. तो सोंडवाला, काळा, जो जुन्या तांदळात हमखास असतो. थंडीनं सुस्त झालेला. हळूहळू त्याच्या बोटावर चढला.

तो किड्याकडे पाहत राहिला. मी मात्र गप्प राहणारा माणूस नाही.

"अबे, हा तं आपल्याच तांदळातला हाये."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण चेहरा असा, की मी काही तरी साधंच विसरलो आहे.

"मंग?" तो म्हणाला. "तोई आपल्याच तांदळातला होता."

नाला वाढला होता. चाकं निम्मी बुडाली, गाडी एकदा तिरपी झाली. मी देवाचं नाव आणि शिव्या दोन्ही घेत होतो. तो तंबाखूची पुसलेली डबी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसला होता, आत थोडे तांदूळ आणि तो पाहुणा. पार झालो. त्यानंतर घरी येईपर्यंत त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही. खड्डा आला की म्हणे, "हळू, हळू." लेहला बटाटे उतरवून परतताना घाटावर त्यानं दोन राखाडी दगड ठेवले. बाईनं मोजले आणि हसली. ढाब्यावर एक खाट जास्तीची मागितली. पोऱ्यानं विचारलं, "और कौन है?" मी म्हणालो, "तू खाट ला."

त्याच्या गावात गेलो तेव्हा सगळं गाव जमलं. गावाबाहेर झाडाखाली पूर्वजांचे गोटे, बुटके, एकमेकांना टेकलेले. आमच्या ओट्यावर म्हातारे बसतात तसे. त्यांच्यात एक नवा गोटा मांडला, त्याच्याखाली डबी उघडली. बाकी जे केलं ते त्यांचं आहे, ते मी लिहिणार नाही. थंडी होती, बाजूला लाकडं पेटवलेली होती. नवं धान शिजवून ठेवलं होतं.

त्याची आई त्या गोट्याकडे पाहत बसली होती. वाळलेली, पाठीत वाकलेली बाई. पानावर भात वाढला, तिनं हात लावला नाही. मग माझ्याकडे वळून तिच्या भाषेत काही विचारलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"काय म्हणते बाई?" मी विचारलं.

तो खाली पाहत म्हणाला, "म्हणते, माहा मोठा पोरगा मले बरं वाटावं म्हणून कायबी सांगन. तुमी परके. तुमी सांगा. वाटेनं माहा लेक काई बोलला का?"

मी त्या बाईकडे पाहिलं.

"बोलला," मी म्हणालो. "थंडी लय हाये म्हणाला."

त्यानं ते आईला सांगितलं. म्हातारीनं जाळाकडे पाहिलं. मग उठली, जाळातलं एक पेटतं लाकूड टोकाला धरून ओढत नेलं आणि त्या नव्या गोट्याजवळ सारलं. धूर कोणत्या बाजूला जातो ते पाहिलं, लाकूड जरा फिरवलं. परत येऊन बसली, पान पुढे ओढलं आणि भाताचा घास घेतला.